फडताळातली पाल

माझ्या लॅपटॉपमुळे बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. हे साफ खोटं आहे. ते फक्त लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमुळे मोडता मोडता राहिलं.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. कुठला पार्ट बदलायचा, कुठला नाही, हे तिथं मी झटक्यात सांगतो. घरी मात्र माझी डिस्क दिवाळीपासून टक् टक् करत होती आणि मी ‘विचार’ करत होतो.

“अहो, बदला ती,” बायको म्हणायची. “आपल्या लग्नाचे सगळे फोटो त्यात आहेत.”

“चालतीय की अजून!”

“तुमचा हलणारा दातही असाच चालत होता. शेवटी माझ्या बाबांसमोर श्रीखंडात पडला!”

(दाताचा इथं काहीही संबंध नव्हता. पण बायकांना उदाहरणं कुठून सुचतात, देव जाणे.)

शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “आजच बदला. एकदा बंद केला तर परत चालू होईलच असं नाही.” यातलं मी माझ्या सोयीचं तेवढं ऐकलं आणि लॅपटॉप बंद करणंच बंद केलं! बाहेरच्या खोलीतल्या फडताळात, पडद्यामागं तो रात्रंदिवस टकटकत राहिला.

आणि त्याच खोलीत रविवारी वैशालीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला पाहुणे आले. मुलगा निलेश, हिंजवडीत इंजिनिअर, राहायला मारुंजीत. बरोबर त्याची आई आणि आजी. पोहे फिरले. आमचे आण्णा, म्हणजे वडील, इस्त्रीचा सदरा सावरत म्हणाले, “आमची वैशाली लई शांत.”

टक् टक् टक्!

आजींनी बशी खाली ठेवली. “पाल चुकचुकली.”

“कृष्ण कृष्ण!” आमच्या आत्यानं फरशीवर बोटं आपटली. “आण्णा खरं बोलला, म्हणून तिनं साक्ष दिली!”

“आमच्याकडं वंगाळ धरत्यात,” आजी म्हणाल्या.

पाल कुठली आहे, हे खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोला. तिची नजर सांगत होती, ‘बोला आता!’ पण बोललो असतो तर ‘मग बदलली का नाही?’ हा प्रश्न आला असता. मी आणखी पोहे घेतले.

“वंगाळ कसं?” आण्णा पेटले. “सैपाक करती तर बोटं चाटत ऱ्हावं!”

टक् टक्!

“बगा!” आत्या विजयी.

आजी काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं, “पोरीला राग येतो का वो?”

“छ्या! राग कसला!”

खोलीत शांतता. डिस्क गप्प! महिनोन् महिने अखंड बोलणारी ती बया नेमकी तेव्हाच मुकी झाली. सगळ्यांचे कान भिंतीकडं. आत्याच्याच नियमानं आण्णा खोटे ठरले होते!

“राग म्हंजी काय, ते तिला ठावं बी न्हाई!” आण्णा आणखी मोठ्यानं म्हणाले.

शांतता. वैशाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“कुटं हाय ती? आज जित्ती सोडत न्हाई!” आण्णांनी केरसुणी उचलली. तेवढ्यात फडताळातून बारीकसं टक् आलं. आण्णांनी नेम धरला.

“आण्णा, नको! पाल नाही, माझा लॅपटॉप...”

धाड! पडद्यासकट लॅपटॉप फरशीवर.

“लॅपटॉप बोलतुया?” आण्णा हातात केरसुणी धरून.

“डिस्क खराब झालीय.”

“मग बदलली का न्हाईस?”

“विचार करतोय.”

निलेश ताडकन उठला. “दादा, बॅकअप आहे ना?”

“आहे तर!” मी छाती काढून म्हणालो.

“कुठं?” हे बायकोनं विचारलं, सगळ्यांसमोर.

“त्यातच. दुसऱ्या फोल्डरमध्ये.”

निलेशनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाईकांकडं पाहतात.

वैशालीनं ट्रे आदळला. “दादा! शाळेपासनंचे माझे सगळे फोटू त्यात हायेत! चार महिने वहिनी सांगतीय आन् तू नुसता विचार करतुयास? डोकं हाय का खोकं?” पुढचं इथं लिहिता येत नाही. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारी गॅलरीत आले.

ती थांबली तेव्हा आम्ही सगळे आजींकडं पाहत होतो. आजी पोह्यांवरचं खोबरं बोटानं गोळा करत म्हणाल्या, “राग येतो की पोरीला. पर वाजवी हाय. आमाला पसंत हाय.”

निलेश डिस्क मारुंजीला घेऊन गेला. आठवडाभर खटपट करून त्यानं जवळजवळ सगळं परत मिळवलं. गेले ते फक्त माझे एकट्याचे फोटो. (“म्हणजे नुकसान काहीच नाही,” इति बायको.)

लग्न झालं. निलेश आता आमचे दाजी. त्यांनी मला नव्या पद्धतीची डिस्क भेट दिलीय. ती अजून खोक्यातच आहे. दाजी म्हणतात, हिचा अजिबात आवाज येत नाही. मग ही बिघडली तर आपल्याला कळणार कसं? बसवावी की नाही, यावर सध्या मी विचार करतोय!