मी मोडलेली चूल

त्या वर्षी कापसाचे भाव पडले आणि आमच्या दोन खोल्यांपैकी मोठी खोली कापसाला मिळाली. भाव चढेपर्यंत तो घरातच राहणार, असं ठरलं. उरलेल्या खोलीत आम्ही सात जण. धाकट्या लेकाचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या जोडप्याला जागा म्हणून मी कापसाचा ढीग दाखवला. राजाराणीलेही एवढी मऊ गादी भेटत नाही, असं वर ऐकवलं. स्वतःच्या विनोदांवर मी फार खूश असायची तेव्हा. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंग खाजतं. महिन्याभरात सुनेचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले. मी म्हटलं, नाजूक आहे पोरगी.

तिला दिवस गेले तेव्हा तिने मागच्या आवारात मातीची चूल घातली आणि दोघांपुरतं वेगळं रांधू लागली. तिचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालायचं. घरकुलाच्या यादीसाठी मास्तर घरोघर येणार होते, आणि ते चुली मोजत. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, कुटुंब वेगळं तर घर वेगळं. शेजारणीने तर तीन पोरांच्या तीन चुली मांडून त्यांत राखही टाकून ठेवली होती. घर फुटल्याची जाहिरात करते, लाज नाही बाईला, असं मी गावभर सांगितलं.

मास्तर गल्लीत शिरल्याचं कळताच मी मागे गेले, सुनेची चूल लाथेने मोडली आणि वरून शेणाने सारवलं. ती पोटावर हात धरून बघत होती. सारवण इतकं सफाईदार झालं, की मला माझंच कौतुक वाटलं.

"चुली किती, काकू?" मास्तरांनी विचारलं.

"एकच."

त्यांनी दाराआडच्या सुनेकडे पाहिलं. "इचार करून सांगा. गावात माणसं वाढून राह्यली, घरं मोजकीच येऊन राह्यली. यादी बंद झाली का मंग कोणी पुसत नाही."

"आमच्या घरात फूट नाही, मास्तर."

शेजारणीला दोन घरकुलं मिळाली. एकात ती बकऱ्या बांधायची. आमची दोघं पांढरकवड्याला गेली, हायवेवरच्या टायरच्या दुकानामागे भाड्याच्या खोलीत. नातू तिथेच झाला. मी बघायलाही गेले नाही. कापूस पिवळा पडला आणि आधीपेक्षा स्वस्तात गेला.

पुढे म्हातारा वारला, थोरल्याने दोन्ही खोल्या विकल्या, आणि मी आले याच सुनेकडे. खोली तीच, दोन नातवंडं धरून माणसं आता पाच. माझी खाट अर्धी दाराबाहेर. परवा एक मुलगी मोबाइल घेऊन घरकुलाची नवी यादी करायला आली. मी घाईघाईने म्हटलं, मी म्हातारी एकटी हाये, माझं नाव वेगळं लिही बाई.

सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एकच चूल हाये आमची. आत्याबाईले फूट चालत नाही."

मुलीने तसंच लिहून घेतलं. खाटेवर डोकं आत ठेवायचं की पाय, एवढं मात्र अजून माझ्या मर्जीवर आहे.