गोळी विरघळेपर्यंत

मालतीवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत कैऱ्या निवडत होते. त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘काकू, सकाळी आई गेली. हार्ट...’’ पुढे मीच बोलत सुटले. कसं झालं, कधी झालं, कुणाकुणाला कळवलंस... त्याला बोलूच दिलं नाही. सवय, दुसरं काय!

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर. नवरे रिटायर झाले, फ्लॅटही जवळजवळ घेतले, पण चाळीस वर्षांत आमचं ‘अहो वहिनी’चं ‘अगं’ काही झालं नाही. रोज चारला त्या माझ्याकडे कॉफीला यायच्या. मग बाजारातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे जायला लागल्या आणि पथ्य म्हणून कॉफी बंद. मला रागच आला. ‘‘साबुदाण्याएवढ्या गोळ्यांपायी माझी कॉफी सोडलीत?’’ तर म्हणाल्या, ‘‘कॉफी सोडली, वहिनी. तुम्हाला कुठे सोडलंय?’’ यायच्या, बाटलीच्या झाकणात चार गोळ्या काढून जिभेवर टाकायच्या. मी काही विचारलं की बोट वर. थांबा, विरघळू दे. मग काय, मीच बोलायचे.

बीपीची गोळी मात्र त्यांनी एक दिवस चुकवली नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या हॉस्पिटलातही जायच्या. तिथे नंबर लागायचा, डॉक्टर स्क्रीनकडे बघत सांगायचे, रिपोर्ट नॉर्मल. मुलगा म्हणायचा, ‘‘नॉर्मल आहे ना, मग होतंय काय तुला?’’ त्यांना झोप येत नव्हती. झोप न येण्याचं कारण रक्तात कुठे सापडतं?

एकदा त्या होमिओपॅथीवाल्यांकडे मी सोबत गेले. केबिन म्हणजे नुसता प्लायवूडचा आडोसा, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू यायचं. डॉक्टरांनी विचारलं, गोड आवडतं की खारट? स्वप्नं कसली पडतात? मला हसू आलं. आणि मग वहिनी बोलायला लागल्या... पाऊण तास. पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली होती. नावही ठरलं होतं तिचं. अजून स्वप्नात रिकामा पाळणा दिसतो, म्हणाल्या.

परतताना रिक्षात मी म्हटलं, ‘‘मला कधी बोलला नाहीत ते!’’

‘‘मध्ये जागा कुठे सोडता तुम्ही?’’ आणि हसल्या.

लोक म्हणतात, चांगली शिकलेली माणसंसुद्धा या गोळ्यांच्या नादी कशी लागतात! गोळीत काय असतं ते मी सातवी शिकलेली बाई काय सांगणार? पण त्या केबिनीत एक स्टूल होतं आणि त्यावर बसलेल्याला कुणी घाईनं उठवत नव्हतं, एवढं मी पाहिलं.

त्या मुलीचं नाव काय ठरलं होतं, ते विचारायचं होतं मला. वहिनी रोज चारला यायच्या, आणि रोज मला दुसरंच काहीतरी सांगायचं असायचं. ते राहूनच गेलं.

त्यांची बाटली माझ्या फ्रिजवरच राहिलीये, अर्धी भरलेली. औषध त्यात उरलं असेल-नसेल. परवा सून हडपसरच्या ऑफिसमधून आली, चपला काढता काढता म्हणाली, ‘‘आई, एक सांगायचं होतं...’’ मी एक गोळी जिभेवर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. साखरच ती, मिनिटभरात विरघळली. मी तोंड मिटूनच बसले.