माणूस, एक नग

मंगळवारी दुपारी चार वाजता कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यात माझ्या संगणकावर एक मागणी उमटली: माणूस, एक नग, साठा शून्य.

संगणकाचे काम करणारा एक तरुण गृहस्थ तेव्हा आमच्याकडे रोज येत असे. आराखडे काढणारी संगणकप्रणाली माझ्या खरेदी विभागाशी जोडणे, हे त्याचे काम. आराखड्यात जो भाग काढला जाईल, त्याची मागणी आपोआप माझ्यापर्यंत यायची होती. तो डोळे अर्धवट मिटून पडद्यावरचे सुटे भाग पाण्यात तरंगावेत तसे सावकाश फिरवीत राही. बोल्टलाही ‘या भाऊ’ म्हणे. मला ते रुचत नसे.

मागणीचे मूळ त्याने शोधले. लोखंडी शिडीच्या आराखड्यात, उंचीचा अंदाज यावा म्हणून, किंचित वाकलेला एक माणूस उभा होता.

“हा कोण, काका?” त्याने मला विचारले.

“आमचे जुने ड्राफ्ट्समन. प्रत्येक आराखड्यात स्वतःलाच उभे करीत. गेल्या वर्षी वारले.”

मागे येऊन उभे राहिलेले व्यवस्थापक हसले. “आता माणसंही विकत आणायची का? पुसून टाका त्याला.”

ड्राफ्ट्समनचे छायाचित्रही माझ्यापाशी नव्हते; होते ते एवढेच. तो गृहस्थच बोलला.

“काहून पुसता, साहेब? कोणाले त्रास देऊन राहिला का तो? विकत घ्यायचा नाही, एवढंच सांगतो मशीनले.”

व्यवस्थापक मान हलवून निघून गेले.

त्याने संगणकात तशी खूण केली. मग त्याच्या लक्षात आले की, शिडीच्या सुधारित आराखड्यात कठडा उंच झाला होता आणि पूर्वी त्यावर टेकलेला त्या माणसाचा हात खाली अधांतरी राहिला होता. संगणक बंद करण्यापूर्वी त्याने तो हात उचलून कठड्यावर ठेवला.