जनूने काढलेली करंजाची फांदी

गोदूबाई दर वैशाखात वडखळपलीकडच्या खाडीकाठावरून रोह्याला यायची, आमच्या कॉलेजात एक वाळकी फांदी बघायला. वाळवलेल्या झाडांचं कपाट माझ्या ताब्यात. पानाला कोणी बोट लावलं की माझं डोकं फिरायचं, आणि ही बाई नेमकी बोट लावायची.

फांदी करंजाची. पंचाहत्तर साली आमच्या सरांनी मिठागराच्या बांधावरून आणलेली. झाडावर चढला होता गोदूबाईचा नवरा, जनू. सरांनी फांदी कागदावर शिवली आणि खाली चिठ्ठी डकवली: झाडाचं नाव, गाव, तारीख, ‘फांदी काढणारा जनू’. त्याच भादव्यात उधाणाने बांधाला खांड पडली. ती बुजवायला गेलेला जनू परत आला नाही, सापडलाही नाही. करंजही वाहून गेला. घरात जनूचा एक फोटोसुद्धा नव्हता. त्याच्या हातचं जे काही उरलं, ते माझ्या कपाटात.

शास्त्रज्ञांना मात्र स्वस्थ बसवत नाही. करंज शेंगांचा, आपल्या वालाच्याच कुळातला, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे तो नेमका कोणाचा भाऊबंद, यावर वाद, म्हणून शास्त्रीय नाव बदलत राहतं. आधी पोंगामिया, मग डेरिस. एका वर्षी मी ‘मिलेटिया’ची नवी चिठ्ठी डकवत असतानाच गोदूबाई आली. तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, नाव बदललं? म्हंजे जनूची चिठ्ठी काढनार?"

"नाय गो बाय. नवी बाजूला लावायची. जुनी काढायची नसते, तसा नियमच हाय."

ती जुन्या चिठ्ठीवरून बोट फिरवत म्हणाली, "माज्या म्हायेरच्यांना नव्हता ठावा ह्यो नियम. वरीस नाय झाला, त दुसरा घरोबा कर म्हनून पाठी लागले व्हते."

मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तर बाई कनवटीची कुपी उघडून पानाला करंजाचं तेल चोळत होती. कागदावर डाग पसरत चाललेला.

"अगो, काय केलंस! वीस वरसं जपलेला नमुना!" मी ओरडलोच.

"भेगा पडल्यात ना," ती घाबरून म्हणाली. "मिठागरातून आला का त्याचं पाय असंच फुटलेलं असायचं. रोज तेल चोलायची मी. खांड पडली त्या दिशी हाक आली, तसाच उठून गेला. तेल राह्यलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खराब झालेला नमुना टाकून द्यायचा, हाही नियमच होता. तो बाजूला ठेवून मी कागद तिच्यापुढे सरकवला.

"ती खालची दोन पानं राहिलीत," म्हटलं, "त्यांनाही लाव."