दोन डावे गाल

"आगं बया, ह्यो बी डावाच गाल हाय!"

तामिस्थानं काचेची चकती उजेडात धरली अन् भिंतीतल्या अर्ध्या मुखवट्याशी ताडून पाहिली. मी तिच्याशेजारी चकत्या चिकटवायची राळ तापवत होतो.

"मग पालथी बसव की."

"पालथी बसवून काय करू? पाठ खरबरीत हाय. मुडद्यानं झपाटलं व्हतं मला, दोन्ही एकाच अंगानं घासल्या!"

आमच्या अलेक्झांड्रियात काचेचं तोंड अर्धंच घडवतात. रंगीत काचांची कांडी ओढायची, तिच्या आरपार एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ. मग तिच्या चकत्या पाडायच्या. एक सुलटी, एक उलटी अशी भिंतीत जोडली की मुखवटा पुरा. म्हणून जोडीतली एक चकती पाठीकडून घासायची. तामिस्थाचा जन्म त्यातच गेला. सरोवराकाठच्या कोळ्याची पोर, दोन नवरे पुरलेले, मुकादमाला तोंडावर गाढव म्हणणारी. तिला भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण कांडी संपली होती, अन् ती ओढणारा तापानं मेला होता. भिंतीतली मोकळी जागा नेमकी ह्या वाड्याच्या धन्याच्या बैठकीवर. मागच्या पंधरवड्यात गिलावा ढासळला म्हणून धन्यानं गवंड्याला याच अंगणात फोडून काढलेला.

दिवाणजी ख्रेमोन डोकावला. "काय गं म्हातारे, मुखवटा अजून एकडोळ्याच?"

"राळ वाळतीया, दिवाणजी."

"धनी गावच्या न्हाणीघरात गेलेत. पाहुण्यांसंगं परततील. तवर भिंत पुरी नसली तर तुझ्या पाठीच्याच चकत्या पाडतील."

तो गेला. तामिस्थानं चकती पालथी करून ओल्या वाळूवर टेकवली.

"पापुद्र्यावानी हाय ती. आणखी घासलीस तर फुटंल," मी कुजबुजलो.

"न घासून वाचते का मी? गप ऱ्हा. हात हलतोय माझा."

खर्र, खर्र. नाकावरून घाम टपकत होता. पुसायला ती थांबेना. मधेच टिक् झालं. तिनं डोळे गच्च मिटले.

"बघ तूच. माझ्यानं बघवंना."

केसांकडचा टवका उडाला होता. डोळा शाबूत होता.

"राळंत लपंल," मी म्हणालो.

तिनं श्वास कोंडून चकती बसवली, अंगठ्यानं दाबून धरली. अंगणात पाहुण्यांचे आवाज आले. ख्रेमोन आत आला, मुखवट्याकडं बघितलं अन् म्हणाला, "आता पसारा उचला, न् मागच्या दारानं निघा."

मागच्या ओसरीत ती भिंतीला टेकून बसली. मग तिनं दुसऱ्या दालनाच्या चकत्यांची टोपली ओढली, प्रत्येक जोडीतली एक पालथी करून ठेवली अन् वाळूवर पाणी शिंपडलं.