चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब

मी लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि तेही फार्मसीच्या डिप्लोमाला. जाणत्या माणसांच्या कामात तोंड घालतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगायला हवी.

आमचं गाव गारगोटीच्या पुढं. मी कोल्हापुरात खोली घेऊन राहतो आणि शनिवारी एस.टी.नं घरी जातो. पहिल्या वर्षाला असताना एका शनिवारी आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, माझ्या हातात तोंडाला लावायच्या मलमाची एक ट्यूब ठेवली. शेजारच्या काकूंनी ती बाजारातल्या मेडिकलातून आणली होती. आक्काला दोन ठिकाणची माणसं बघून गेली होती. दोन्हीकडून 'मुलगी जरा सावळी' एवढाच निरोप आला होता.

"तू औषधाचंच शिकतोयस की. वाच बरं, चांगलं हाय का?"

आई, बाबा, काकू सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. खोक्यावर सगळं इंग्रजीत. तीन औषधांची लांबलचक नावं मला कळली नाहीत. खाली लाल चौकटीत इशाऱ्याची बारीक अक्षरं होती, ती मी वाचलीच नाहीत. सगळ्यांसमोर अडखळायची लाज वाटली.

"त्वचेचंच औषध आहे, लाव," मी म्हणालो.

"बघा, घरातच डॉक्टर हाय," बाबा काकूंना म्हणाले.

महिन्याभरात आक्का खरंच उजळली. काकूंनी त्यांच्या दहावीतल्या मुलीलाही तीच ट्यूब चालू केली. पण चार-पाच महिन्यांनी आक्काचे गाल उन्हात लालभडक व्हायला लागले. चुलीपुढं बसलं की आग व्हायची. गालांवर बारीक लव आली. लावायचं थांबवलं की चेहरा आणखी पेटायचा, म्हणून ती पुन्हा लावायची.

दुसऱ्या वर्षी सरांनी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांचा धडा घेतला. "गोरं व्हायला लोक स्टेरॉइडची मलमं लावतात," असं म्हणत त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. तीच तीन नावं होती. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

शनिवारी आक्काला सांगितलं.

"म्हंजे त्या दिवशी तुला वाचता आलंच न्हवतं?"

"न्हाय."

"मग तसं म्हणायचं की, येड्या. मी काय हसणार होतो व्हय तुला?"

तिला कोल्हापुरात त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. ते मलम हळूहळू बंद करायचं, बरं व्हायला वर्षसुद्धा लागेल, असं ते म्हणाले. मी काकूंना सांगायला गेलो.

"माझी पोरगी उजळली तर तुजं पोट दुखतंय व्हय रं?" काकू म्हणाल्या. मुलीचे गाल तेव्हाच लालसर दिसत होते.

चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देऊ नका, अशी मेडिकलवाल्यांना विनंती केली. "पावणं, मी न्हाय दिली तर पुढचा देतोय," ते म्हणाले.

सरांनी औषध निरीक्षकांकडं तक्रारीचा अर्ज करायला सांगितलं. पण बिल कुठून आणणार? गल्लीत कुणी कधी मागितलंच नव्हतं. पुरावा म्हणजे डॉक्टरांचा कागद आणि आक्काचा चेहरा.

"लग्नाच्या पोरीचा असला फोटू सरकारी हापिसात देतोस?" आई रडायला लागली.

आक्का म्हणाली, "माझं व्हायचं ते झालं. काकूंची पोरगी अजून वाचंल. लिही माझं नाव."

अर्ज मी लिहिला, खाली आक्कानं सही केली. मग कितीतरी आठवडे काहीच कळलं नाही. आक्का डेअरीत दूध घालायला तोंडाला स्कार्फ बांधून जात होती. कॉलेजात फोन वाजला की अर्जाचंच काहीतरी असेल म्हणून मी वर्गाबाहेर पळायचो.

आज मधल्या सुट्टीत आक्काचाच फोन आला.

"आरं, मेडिकलात तपासणीला सायेब आलतं. आज काकू ट्यूब आणायला गेलत्या, तर मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली. मोकळ्या हातानं आल्यात. दारात हुबं राहून तुला शिव्या देत्यात."

"आणि पोरगी?"

"काकू म्हणत्यात, चिठ्ठीच पायजे न्हवं, मग डॉक्टरकडनं आणतो. मी म्हटलं, चला, माझ्या डॉक्टरकडंच जाऊया. उद्या पोरीला घेऊन आमी तिघी येतोय."