पेशंट माझ्या ताब्यात

सैन्यातली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलात होती. मी नर्सिंग ऑफिसर, कॅप्टन. तिथून निवृत्त होऊन आले ती मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. इथे माझ्याकडे एकच पेशंट आहे. माझा नवरा, मेजर अजित, इन्फन्ट्री, निवृत्त.

त्याच्या आजाराला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. घरात आम्ही नुसतं 'ते' म्हणतो. 'ते' आलं की अजित मुलुंडमध्ये नसतो, डोंगरावरच्या त्याच्या पोस्टवर असतो. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बाकीचं रूटीन माझं. झोपेतून उठवायचं ते पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, हाक मारून. पाठीमागून हात लावायचा नाही. शिट्टी नको म्हणून कुकर मी कामवाल्या मावशींना देऊन टाकला. वरण पातेल्यात शिजतं. वेळ लागतो, लागू दे. नातेवाईक म्हणतात, "तुझं कौतुक वाटतं गं." वरण त्यांना करायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली. काँक्रीट फोडायचे ब्रेकर सुरू व्हायच्या आधी मी अजितला घेऊन बाहेर पडायचे. त्या शनिवारी काम बंद राहील असं सुपरवायझरने सांगितलं होतं, म्हणून आम्ही घरीच होतो. मी भाजी निवडत होते. अजित कपडे वाळत घालायला गच्चीवर गेला.

थोड्या वेळाने शेजारचा अर्धवट तोडलेला स्लॅब आपोआप खाली आला. आमच्या खिडक्या हादरल्या. मी अनवाणीच जिन्याने वर धावले.

गच्चीच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी विनय उभे होते. घामाघूम, हातात मोबाइल.

"वहिनी, पुढे जाऊ नका. साहेबांनी जोशीकाकांना धरून ठेवलंय, सोडतच नाहीत. काकांना पेसमेकर आहे ना! मी पोलिसांना लावतोय फोन."

"जरा थांबा."

"अहो, वाट लागेल!"

"विनय, थांबा म्हटलं ना."

धूळ थोडी खाली बसली तेव्हा मला ते दोघे दिसले. जोशीकाका रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला येतात. ते टाकीच्या आडोशाला उताणे पडले होते. अजितचा एक पंजा त्यांच्या तोंडावर, दुसरा पोटावर गच्च दाबलेला. काका पाय झाडत होते. मग पाय झाडायचे थांबले.

मला अजितची भीती वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. त्या हातांत किती ताकद आहे ते मला माहीत होतं. पोलीस धडधडत वर आले तर तो काय करेल, हेही कळत होतं.

"अजित, मी सुनीता," म्हणत मी पुढे झाले.

"थम! कौन आता है?"

काकांच्या तोंडावरची पकड आणखी घट्ट झाली. चूक माझी होती. संतरीने असं दरडावलं की जिथे असाल तिथे थांबायचं, उत्तर द्यायचं, आणि तो सांगेल तेव्हाच पाऊल उचलायचं. मी बायकोसारखी सरळ चालत गेले होते.

मी थांबले. रिकामे हात त्याला दिसतील असे धरले.

"दोस्त."

"आगे बढ़ दोस्त, पहचान के लिए."

मी गेले. 'हे काका आहेत, सोड' म्हणून तो सोडणार नव्हता. मग वॉर्डात विचारतात तसं विचारलं.

"कॅप्टन सुनीता, मेडिकल. कॅज्युअल्टी घ्यायला आलेय. जखमीचं नाव?"

"लान्स नाईक सावंत. माझा रेडिओ ऑपरेटर. पोटात गोळी आहे. हात काढला तर जाईल."

हे नाव मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"तोंडावरचा हात काढ. श्वास बघायचाय मला."

"ओरडेल. खाली ऐकू जाईल."

"नाही ओरडणार. मी बघते."

त्याने हात काढला. काकांनी आवाज करत श्वास घेतला, आणि देवाची कृपा, ओरडले नाहीत. मी माझा तळवा अजितच्या तळव्याखाली सरकवला.

"पेशंट माझ्या ताब्यात. मेजर, यू आर रिलीव्ड."

"नक्की?"

"नक्की. घेतला मी."

एकेक बोट सुटलं. अजित टाकीला टेकून बसला. काकांची नाडी पळत होती, पण नीट लागत होती. विनयनी त्यांना धरून खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं. मुका मार होता, बाकी ठीक. काकांनी पोलिसांना नको म्हटलं, पण पुढे बरेच दिवस ते गच्चीवर आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

"सुनी, मी कुणाला धरलं होतं?" अजितने विचारलं. मी सांगितलं. तो तोंड झाकून रडला. मग बोलला.

सावंत मालवणचा होता. धुक्यात हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. दिवसभर अजित त्याच्या पोटावर हात दाबून बसला. सावंत विचारत राहिला, "साहेबानु, कोण इलो काय?" अजित म्हणत राहिला, "येतायत." माणसं पोचली तेव्हा सावंत गेलेला होता, आणि अजितचा हात काढायला दोघे लागले.

"तू तेव्हा का नाही आलीस?" अजित मला म्हणाला.

मी तेव्हा दुसऱ्याच हॉस्पिटलात ड्यूटीवर होते, आणि हे त्याला माहीत आहे. तरी मी सॉरी म्हटलं. मेडिकलतर्फे, लान्स नाईक सावंतला म्हटलं.